धुराडं बुजवलेलं घर

निक्शिच, ६ ऑक्टोबर

बाल्शा,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. मी विचारत नाही. जर्मनीत उल्ममध्ये तुझं उत्तम चाललं आहे हे आई मला दर फोनवर न विचारता सांगते. पत्र लिहिते आहे, कारण बाबांच्या दफनानंतर आपण जेव्हा जेव्हा फोनवर बोललो, तेव्हा तेव्हा तू मध्येच फोन बंद केलास. कागद मध्येच बंद करता येत नाही.

काल आईकडे वर डोंगरात, यावोर्येला गेले होते. स्वयंपाकघरात शिरले आणि तिथेच उभी राहिले. चूल नव्हती. चुलीच्या जागी पांढरी भिंत, भिंतीवर पांढरी पेटी, पेटीवर हिरवा दिवा. धुराड्याचं भोक तू विटा लावून बुजवलंस आणि वरून गिलावा केलास. गिलावा चांगला झाला आहे. तुझा हात पहिल्यापासून साफ.

आई खुर्चीत बसून त्या पेटीकडे बघत होती, नवख्या पाहुण्याकडे बघावं तशी.

"चूल कुठे गेली?" मी विचारलं.

"बाल्शाने काढली. ऑगस्टात आला होता ना, तेव्हा. आता बटण दाबलं की ऊब. हात काळे होत नाहीत."

"कॉफी कशावर करतेस?"

"विजेची शेगडी दिलीय त्याने."

"आणि वीज गेली की?"

"तू आहेस ना विजेची इंजिनिअर," ती म्हणाली. "जाऊ देऊ नकोस."

मग मी बाहेरची शेड पाहिली. बर्फ उडवायचं यंत्र, विजेवर चालणारं. पन्हळीत टाकायची गरम तार. दारापुढे अंथरायची गरम होणारी चटई, तीही विजेवर. ॲल्युमिनियमची दोन फावडी, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. हिवाळ्यासाठी घर सज्ज केलंस, असं तू आईला म्हणालास म्हणे. बाबांची लाकडी फावडी आणि बर्फात रुतू नये म्हणून पायाला बांधायच्या वेताच्या क्रप्ल्ये बाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, जाळायला काढल्यासारख्या. जिथे सरपण रचायचो तिथे सरपण नाही. भिंतीला खुंट्या ठोकल्या आहेत, स्की अडकवायला. आपल्या घरात इतक्या स्की लागतील एवढी माणसं कधीच नव्हती, म्हणजे त्या कुणासाठी आहेत ते मला कळलं. आईला अजून कळलेलं नाही, किंवा ती तसं दाखवते.

दारही बदललंस. नवं दार जाड आहे, काच चांगली आहे, आणि ते बाहेर उघडतं. यावोर्येत एकही दार बाहेर उघडत नाही. का, ते तुला माहीत आहे. बर्फाचा ढीग बाहेरून दाराला टेकला की बाहेर उघडणारं दार हे दार राहत नाही, भिंत होते. तू इथेच वाढलास. हे तू विसरलास यावर माझा विश्वास नाही. तू विचार केला नाहीस, यावर आहे.

घर तुझं आहे. नोटरीपुढे मी माझ्या हिश्श्यावरचा हक्क सोडल्याची सही करून दिली, आपल्याकडे बहिणी देतात तशी. बाहेर बाकावर बसलेल्या आत्या म्हणत होत्या, "शहाणी पोर, भावाकडे वाटा मागितला नाही." आई मला लाडाने अजून "मुला" म्हणते, इथल्या सगळ्या आया आपल्या मुलींना म्हणतात तशी. लाडात मी मुलगा. नोटरीपुढे मुलगा तूच.

म्हणून परवानगी मागते आहे. चूल कुठे आहे ते सांग. पहिला मोठा बर्फ पडायच्या आत मी ती परत आणते आणि धुराडं उघडते. आपल्याकडे येणारी विजेची तार बीच झाडांच्या जंगलातून येते. ओला बर्फ फांद्यांवर बसतो, फांदी तारेवर पडते. दर हिवाळ्यात. हे माझं मत नाही, माझी नोकरी आहे.

इताना


निक्शिच, १६ नोव्हेंबर

बाल्शा,

तुझं उत्तर मिळालं. तू ते आईच्या फोनवर बोलून पाठवलंस आणि तिने ते मला मोठ्या आवाजात ऐकवलं. "तिला सांग, इंजिनिअर झाली म्हणून घरमालक झाली नाही. इकडे जर्मनीत गावंच्या गावं अशी गरम राहतात." आई ऐकताना भिंतीकडे बघत होती.

जर्मनीत तुझ्या गावाची तार जमिनीखालून जाते. एवढंच.

शनिवारी पहिला बर्फ पडला म्हणून वर गेले. तुझं यंत्र बाहेर काढलं. बर्फ ओला होता. यंत्र थोडं पुढे गेलं, तोंडात लगदा भरला आणि ओरडत बसलं. रादोये काका कुंपणापलीकडे त्यांच्या फाटकात उभे होते. बाबांचे मित्र म्हणून ते अजून रोज आपल्या अंगणावर नजर ठेवतात, हे तुला माहीत आहे.

"काय गं हे?" ते म्हणाले. "शेळीसारखं ओरडतंय आणि दूध काही देत नाही."

"बाल्शाने पाठवलंय."

"मग जर्मनमध्ये ओरडत असेल. म्हणून मला कळलं नाही."

मी बाबांचं लाकडी फावडं घेतलं. आईने ते दाराआड आणून ठेवलं आहे, दोन्ही फावडी, चरबी चोळून. लाकडाला बर्फ चिकटत नाही आणि छपराच्या पत्र्याचा रंग खरवडला जात नाही. तुझी ॲल्युमिनियमची फावडी दिसायला सुंदर आहेत.

वाट काढून झाल्यावर काका आत कॉफीला आले. विजेची शेगडी तापेपर्यंत ते टोपी मांडीवर घेऊन बसले आणि बुजवलेल्या भिंतीकडे बघत राहिले.

"स्तामेना," ते आईला म्हणाले, "सकाळी उठलो की मी खिडकीतून तुझ्या धुराड्याकडे बघायचो. धूर दिसला की म्हणायचो, उठली म्हातारी, अजून भांडायला कुणीतरी आहे. आता कुठे बघू?"

"अंगणात बघ. मी काय मेले आहे?"

"बर्फ खिडकीवर चढला की अंगण कुठलं?"

"मग पेटीचा हिरवा दिवा बघ," आई म्हणाली, आणि दोघं हसले.

मला हसू आलं नाही. वर अर्ध्याहून जास्त घरं आता हिवाळ्यात बंद असतात. मोठा बर्फ थांबला की उरलेली माणसं आधी धुराडी बघतात. ज्या घरातून धूर निघतो त्या घराकडे वाट काढायची. धूर नाही म्हणजे माणसं शहरात उतरली, ते घर वसंतापर्यंत सोडायचं. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी यादी ठेवत नाही, आणि यात आजवर कुणाची चूक झालेली नाही. तू घरातून धूर काढून टाकलास, बाल्शा. चुलीबरोबर तोही गेला.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याने प्रेमाने केलंय. तुझ्यासारखं मोजूनमापून नाही." मी कप धुवायला घेतले.

स्लावाला, आपल्या घराच्या संताच्या सणाला, येतो म्हणालास, १९ डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी. बाबा गेल्यापासून मेणबत्ती आई लावते आणि लावताना दर वर्षी संताची माफी मागते, की घरात पुरुष नाही. ये. मेणबत्ती लाव. आणि येताना चूल कुठे आहे ते सांग.

इताना


निक्शिच, १२ डिसेंबर

बाल्शा,

थोडक्यात लिहिते, मला ड्यूटीवर जायचं आहे.

आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे होती. ऑपरेशन नीट झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं सांगितलं आहे. मी म्हटलं, हिवाळा इथेच काढ. हवामान खात्याने मोठ्या बर्फाचा इशारा दिला आहे. गाव सोडताना तिने रादोये काकांना हात केला होता तेव्हा तेही म्हणाले होते, "जा, मोठी माणसं हिवाळा शहरातच काढतात." पण तिने बॅग भरली.

"बाल्शा स्लावाला येतोय," ती म्हणाली. "तो येईल आणि दार बंद असेल?"

"त्याच्याकडे किल्ली आहे. दार त्याचंच आहे."

"असं बोलू नये, मुला."

"इथेच मेणबत्ती लावू. माझ्या खोलीत."

"संत भाड्याच्या खोलीत येत नाही."

काल संध्याकाळी तिला शेवटच्या व्हॅनमध्ये बसवलं. अंधार पडल्यावर पोचली, कुणी भेटलं नाही, व्हॅनवाल्याने फाटकाशी सोडलं. पोचल्याचा फोन आला. पेटी चालू आहे, हिरवा दिवा आहे, खोली गरम आहे.

तू ज्या दिवशी निघशील त्या दिवशी मला कळव. रस्ता बंद असेल तर मी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यांना सांगून तुला वर पोचवते. फोन कर. मी उचलेन.

इताना


निक्शिच, रुग्णालय, २३ डिसेंबर

बाल्शा,

तुझा निरोप काल आला. आईच्या फोनवर. "सुट्टी मिळाली नाही, स्लावाला जमत नाही, वाट बघू नकोस." तो तू स्लावाच्या आधी पाठवला होतास. वर मोबाइलचा टॉवर बंद होता. फोन मी इथे रुग्णालयात चार्जिंगला लावला तेव्हा तो वाजला. आईने विचारलं, "कुणाचा?" मी म्हटलं, कंपनीची जाहिरात. ती वाट बघत होती हे तिला आता कळायला नको.

मी तिथे नव्हते. तूही नव्हतास. मी लिहिते ते आईने आणि रादोये काकांनी सांगितलेलं आहे, जुळवून.

तिला घरी सोडून व्हॅन गेली आणि त्याच रात्री बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तार तुटली. सगळ्या खोऱ्याची तुटली. मी दुसऱ्या बाजूला खांबांवर होते. यावोर्येची लाइन सगळ्यात शेवटी जोडतात, कारण तिथे माणसं थोडी. नियम बरोबर आहे. मी तो बदला म्हटलं नाही. मला वाटलं, रादोये काका आहेत. काकांना वाटलं, आई निक्शिचला आहे. का वाटू नये? त्यांनी तिला जाताना पाहिलं होतं. येताना कुणी पाहिलं नाही, पावलं बर्फाखाली गेली. आणि रोज सकाळी ते खिडकीतून बघत होते. धूर नव्हता.

पेटीचा दिवा विझला. यंत्र शेडमध्ये, चटई दाराबाहेर बर्फाखाली. दार उघडेना. तिने ढकललं, खांद्याने रेटलं, नुकत्याच कापलेल्या डोळ्यावर पट्टी घेऊन. तुझं दार चांगलं आहे, जराही हललं नाही. खिडक्यांवर बर्फ चढला होता. फावडी आत होती, बर्फ बाहेर. ती सगळे कपडे घालून, घरातली सगळी पांघरुणं घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. खायला चीज होतं, वाळवलेलं मांस होतं, पाव होता. नळ गोठला. खिडकीच्या फटीतून बर्फ ओढून ती बरणीत भरायची आणि बरणी कुशीत घेऊन झोपायची, म्हणजे प्यायला पाणी होई. पाय मात्र तिला कशानेच गरम करता आले नाहीत.

ओरडली का नाहीस, असं मी विचारलं. "कुणावर ओरडू?" ती म्हणाली. "मी काय भिकारीण आहे?"

स्लावाच्या दिवशी सकाळी तिने मेणबत्ती लावली. मग कुऱ्हाड घेतली आणि तुझी भिंत फोडायला सुरुवात केली. मी तुला म्हटलं होतं, गिलावा चांगला झाला आहे. त्यामुळे वेळ लागला. वीट निघाली, भोक दिसलं. तिने कपडे धुवायचं लोखंडी टोपलं भोकाखाली स्टुलावर ठेवलं आणि त्यात विस्तव केला. आधी तुझ्या यंत्राचे खोके जाळले. ते भरकन गेले. मग बाबांच्या फावड्यांचे दांडे. मग फावडी. अर्धा धूर घरात, अर्धा वर. बंद खोलीत असा विस्तव करणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने केलं.

आता पुढचं. रादोये काका सकाळी घरच्या दारूचा, राकियाचा पेला घेऊन खिडकीशी आले. आपल्या घराच्या धुराड्यातून धूर. त्यांच्या हिशेबाने घर रिकामं. काकांना वाटलं, चोर. मागच्या हिवाळ्यात वरच्या बंद घरात दोघं शिरले होते, फर्निचर जाळून आठवडाभर राहिले होते. काकांनी क्रप्ल्ये बांधल्या, बंदूक घेतली आणि एकटे, या वयात, छातीएवढ्या बर्फातून आपल्या दारापर्यंत आले.

"बाहेर या," ते ओरडले. "मी बघितलंय तुम्हाला. दोघं आहात की तिघं?"

आतून आईचा आवाज आला, "एकटीच आहे. तू स्लावाला आलास की चोरी करायला?"

काकांनी बंदूक पाठीला अडकवली. ते बर्फात बसले आणि मग त्यांनी हातांनी दार मोकळं करायला घेतलं, कारण फावडं आणलं नव्हतं. चोराकडे जाताना फावडं कोण नेतं? ते आत शिरले तेव्हा स्वयंपाकघर काळं झालं होतं, टोपल्यात विस्तव होता, त्यावर कॉफीचं भांडं. आईने त्यांच्याकडे बघितलं. "बंदूक बाहेर ठेव. संताच्या दिवशी बंदूक घेऊन आत येतात का?" आणि मग ती उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही.

काकांनी तिला बाबांच्या जुन्या लाकडी घसरगाडीवर बांधून खालच्या रस्त्यापर्यंत ओढत आणलं. शेडमागे फेकलेली होती ती. ती तेवढी तुझ्याकडून काढून टाकायची राहिली, म्हणून आई आज आहे.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर सुटली.

मी तिला काल विचारलं, मदतीसाठी धूर करायचं आधीच का सुचलं नाही?

"मदतीसाठी?" ती रागावली. "स्लावा होता. लोक येतील. कॉफी कशावर करू, तुझ्या भावाच्या भिंतीवर?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाल्शाला सांगू नकोस हं भिंत फोडली ते. त्याने किती मन लावून केली होती."

म्हणून सांगते आहे.

इताना


यावोर्ये, ८ जानेवारी

बाल्शा,

तुझा निरोप आला. तुला वाईट वाटलं, तू रडलास. मला त्यावर काही लिहायचं नाही. पुढचं लिहिते, कारण तू त्याच निरोपात पुढे म्हणालास की आता तरी आईने निक्शिचला माझ्याकडे राहावं, आणि घराचं उरलेलं काम तू उन्हाळ्यात संपवशील, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापासून स्कीवाल्यांना देता येईल. "सगळ्यांच्याच सोयीचं" असा शब्द तू वापरलास.

आईने तो निरोप स्वतः ऐकला. फोनचा आवाज मोठा करून. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माझं घर कुठाय मग?" कागदावरचं उत्तर तिला माहीत आहे. घर तिने स्वतः तुझ्या नावावर केलं होतं.

डॉक्टरांनी सोडल्यावर तिने मला घरी न्यायला सांगितलं. घरी म्हणजे इथे. मी तिला म्हटलं, आधी चूल.

चूल कुठे आहे ते तू सांगितलं नाहीस, रादोये काकांनी शोधून काढलं. स्कीच्या उतारापाशी जो नवा कॅफे झाला आहे, तिथे. दाराशी. तिच्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. आपल्या आजीने ज्या चुलीवर पाव भाजला, ज्या चुलीशी तू ओले मोजे वाळवलेस, तिच्यावर प्लास्टिकची जिरेनियमची फुलं.

मी आत जाऊन मालकाला म्हटलं, "ही चूल न्यायला आलेय."

"विकायची नाही."

"विकत नाही घेत. परत नेते."

"तुझ्या भावाने दिलीय. राकियाच्या बाटलीवर."

"मग बाटली भावाकडून परत घे."

"हे बघ बाई, लोक तिच्याबरोबर फोटो काढतात."

"काढू देत. पण आमच्या स्वयंपाकघरात येऊन. तिथे ती गरम असेल."

तो मला कायद्याचं काही सांगायला लागला आणि बोलता बोलता त्याने काचेतून बाहेर पाहिलं. रादोये काका ट्रॅक्टरवर बसले होते, मिशा गोठलेल्या, त्याच्याकडे बघत. बंदूक आणली नव्हती. पण बंदुकीची गोष्ट तोवर खाली उतारापर्यंत पोचली होती. मी कुंड्या एकेक करून जमिनीवर उतरवल्या. शेवटच्या दोन मालकाने स्वतः उतरवल्या.

आता घर तुझं असल्यामुळे कळवते. तुझ्या भिंतीतलं भोक मी मोठं केलं आणि नीट केलं. धुराडं साफ केलं, आत पक्ष्याचं घरटं होतं. पत्र्याचा नवा पाइप घातला, जोड स्वतः तपासले. चूल बसवली. तुझी पेटी काढली नाही. वीज असेल तेव्हा ती चालते, चांगली चालते. दाराची चौकट फिरवली, आता ते आत उघडतं. सरपण काकांकडून आणलं आणि तुझ्या खुंट्यांखाली रचलं. खुंट्यांना कांद्याच्या माळा टांगल्या आहेत. यापैकी कशालाही तुझी परवानगी नाही. हवं तर वकिलाकडून कळव.

परवा, सहा जानेवारीला, आपल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, काकांनी रिवाजाप्रमाणे ओकची फांदी आणून चुलीत ठेवली. आई खुर्चीत होती, पाय उशीवर. धूर वर गेला तशी ती म्हणाली, "रादोये, आता उद्यापासून बघत जा."

"बघतो," ते म्हणाले. "आणि उशिरा उठलीस तर बंदूक घेऊन येतो."

घर विकायचं असेल, भाड्याने द्यायचं असेल, तर तुझा हक्क आहे. पण पत्राने नाही, निरोपाने नाही. इथे ये. चुलीपाशी बस आणि तिच्या तोंडावर सांग.

इताना


यावोर्ये, १ फेब्रुवारी

बाल्शा,

उत्तर नाही, याचा अर्थ मी लावत नाही.

मी आठवड्यातून जमेल तसं वर येते. आई काठीने चालते. तोल डावीकडे जातो, तेव्हा ती काठीला शिव्या देते. मोठा बर्फ परत पडला. तार परत तुटली, आणि पेटीचा दिवा विझला, आणि आईने चुलीत लाकूड घातलं. काकांनी धूर पाहिला आणि त्यांच्या बाजूने वाट काढली. एवढीच गोष्ट. अशीच व्हायला हवी होती.

छपरावरचा बर्फ ओढायला मात्र काही नव्हतं. तुझं ॲल्युमिनियमचं फावडं मी नेलं, पत्र्याचा रंग गेला, आणि मधोमध वाकलं. मी आईला म्हटलं, लाकडी करायला हवीत.

"बाल्शा करेल," ती म्हणाली. "बाबांनी त्यालाच शिकवलंय."

बोटं तुटली, घर जाता जाता राहिलं, तरी फावडं तूच करणार. मी तिच्यावर ओरडले नाही. दार उघडून शेडमध्ये गेले.

हे खरं आहे की बाबांनी तुला शिकवलं. मला फळी घट्ट धरून उभं राहायला सांगितलं. तू रंधा मारायचास आणि बाबा तुझ्या हाताकडे बघायचे. पण फळी धरणाऱ्याला दुसरं काम नसतं, बाल्शा. त्याला सगळं दिसतं. फळी कुठे पातळ करायची, दांडा कोणत्या कोनात बसवायचा, कडेला वाक किती. टोपल्यात एका फावड्याचं पातं अर्धं जळून उरलं होतं, आईने ते टाकलं नव्हतं. त्यावरून माप घेतलं. उरलेला अर्धा भाग उलटा करून आखला. बीचची फळी काकांनी दिली.

फावडं झालं आहे. थोडं जड झालं, दांडा तुझ्याइतका गोल नाही. बर्फ त्याला चिकटत नाही. आईने त्यावर बोट फिरवलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "बाल्शाने कधी पाठवलं?"

"मी केलं."

तिने फावडं मांडीवर घेतलं. मग चरबीचा डबा मागितला आणि चोळायला बसली. चोळता चोळता म्हणाली, "बाबांनी तुला उगाच फळी धरायला लावली." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी सरपण आणायला गेले.

घराच्या दोन वाटा तुला आठवतात. खालची, काकांच्या फाटकाकडे जाणारी, मी आणि काका साफ ठेवतो. आईला तीच लागते. वरची, डांबरी रस्त्याला मिळणारी, जिथे तुझी गाडी थांबेल, ती काढलेली नाही. तिथे फाटकाच्या खांबापर्यंत बर्फ आहे. काका म्हणाले, तीही काढू. मी नको म्हटलं.

दुसरी फळी शेडमध्ये आहे. आखलेली आहे, कापलेली नाही. पहिलं फावडं मी वरच्या फाटकाशी खांबाला टेकवून ठेवलं आहे, पातं वर करून, रस्त्यावरून दिसेल असं. तिथून दार दिसत नाही, फक्त धुराडं दिसतं. धूर असेल तर आई घरात आहे.

वाट तू काढ.

इताना